गाडी ज्याची त्याची, फर्म दोघांची

तारीख १४ मार्च, गुरुवार, सकाळचे अकरा. ठिकाण छावणीतलं साळवे वकील मॅडमचं ऑफिस, टायरच्या दुकानावरचा पहिला मजला. हजर: मॅडम, माझी बायको कुसुम, माझा भागीदार शेख रफिक आणि मी. गैरहजर: रफिकच्या गाडीवरचा ड्रायव्हर गणपत. तो पोलीस ठाण्यात होता. टेबलावर दोन ट्रकची आरसी, विम्याचे कागद, पोलिसांनी दिलेली एक पावती आणि आमच्या फर्मचा भागीदारीचा करार. करार पाच पानांचा, शेवटच्या पानावर माझी आणि रफिकची सही.

आदल्या दिवशी दुपारी लासूर स्टेशनच्या अलीकडं रफिकच्या ट्रकनं एका मोटारसायकलवाल्याला उडवलं होतं. माणूस जिवंत होता. याहून जास्त आम्हाला काही माहीत नव्हतं.

मॅडमनी ट्रकचा नंबर सरकारी साइटवर टाकला होता आणि पडद्यावर एक गोल फिरत होता. विमा चालू होता, तो कागद समोरच होता. परमिट चालू होतं. प्रश्न पासिंगचा होता. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो: ट्रक ठरावीक काळानं आरटीओकडं नेऊन दाखवावा लागतो. ब्रेक, दिवे, टायर बघून ते लिहून देतात की ही गाडी रस्त्यावर चालवायला लायक आहे. त्याला आम्ही पासिंग म्हणतो. ते संपलं असेल आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला हात झटकायला जागा मिळते.

"रफिकभाई, पासिंग केलं होतं ना?" मॅडमनी विचारलं.

"गणपत या सोमवारी नेतो म्हणला होता."

"नेली का?"

"कमरेनं पडून होतो मॅडम. इचारायचं राहिलं."

गोल फिरतच होता. कुसुमनं पाण्याची बाटली उघडली, न पिता बंद केली, पुन्हा उघडली. खाली दुकानात कुणीतरी टायरवर घण घालत होतं.

मी अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवतोय. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला अनुभव लिहा म्हणून सांगितलं तेव्हा त्यांच्या डोक्यात घाट, धुकं, वाटमारी असणार. ते सगळं झालं आहे. कसाऱ्याच्या उतारावर माझा ब्रेक गेलेला आहे. पण तेव्हा हातापायांना काम होतं. गिअर खाली घ्यायचा, गाडी डोंगराच्या बाजूला घासायची, हॉर्न सोडायचा नाही. भ्यायला सवड नव्हती. खरा घाबरलो तो मी पंख्याखाली, खुर्चीवर, त्या गोलाकडं बघत.

पहिली अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. मग एक जुनी दहा टायरांची गाडी घेतली आणि मालकही मीच, ड्रायव्हरही मीच झालो. अशा माणसाला रोज भेटणारी गिऱ्हाइकं म्हणजे एकेक नमुना. लासूर स्टेशनच्या बाजारातले एक कांद्याचे व्यापारी होते. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, ते कधीच स्वतःचं नाव घालू द्यायचे नाहीत. "लिव्ह की तुझंच नाव, काय फरक पडतोय? कांदा काय पळून जातोय का?" कांदा पळून जात नव्हता, पण वाटेत सडला तर बिल्टीवर नाव माझं. मी त्यांची खेप नाकारली तेव्हा त्यांनी बाजारात सांगितलं की हा बबन म्हणजे ट्रकवाला नाही, तलाठी आहे.

दुसरे छावणीतले एक निवृत्त सुभेदार. त्यांचं घरसामान नागपूरला न्यायचं होतं. त्यांनी प्रत्येक वस्तूची यादी केली होती आणि प्रत्येक वस्तूसमोर माझी सही घेतली. कपाट एक, सही. पाटा एक, वरवंटा एक, वेगवेगळ्या सह्या. मी वैतागून म्हणालो, "साहेब, वरवंटा काय पाट्याला सोडून जाणार आहे का?" ते म्हणाले, "जो चीज दो है, वो दो है." नागपूरला उतरवताना एक खुर्ची कमी भरली. ती त्यांच्याच मुलानं वर गच्चीवर नेऊन ठेवली होती. यादी नसती तर ती खुर्ची जन्मभर माझ्या नावावर राहिली असती. त्या दिवसापासून मी स्वतः याद्या करायला लागलो. गाडीच्या कागदांची यादी, तारखांची यादी, नट-बोल्टपर्यंतची यादी. दर महिन्याच्या एक तारखेला ती बघायची आणि जे संपत आलं असेल त्याच्यावर लाल खूण करायची. दहा वर्षांत माझ्या गाडीचा एक कागद एक दिवस उशिरा झालेला नाही. हे मी अभिमानानं सांगत आलो आहे. आता सांगताना आवाज जरा खाली येतो.

वाळूजच्या एका कारखान्याच्या डिस्पॅच साहेबांनी मला भागीदारीत ढकललं असं मी पुष्कळ दिवस म्हणायचो. ढकललं वगैरे काही नाही. ते एवढंच म्हणाले, "एकट्या गाडीवाल्याला आम्ही वर्षाचं काम देत नाही. फर्म पाहिजे, फर्मच्या नावावर कमीत कमी दोन गाड्या पाहिजेत." वर्षाचं काम म्हणजे रोज सकाळी ट्रान्सपोर्टवाल्यांच्या दारात उभं राहणं बंद. मी रफिकला फोन केला. तो आणि मी एकाच मालकाकडं ड्रायव्हर होतो, एकाच वर्षी दोघांनी आपापल्या गाड्या घेतल्या. त्याची आई मला जावयासारखं वागवायची, म्हणजे आधी जेवायला वाढायची आणि मग टोमणे मारायची.

आम्ही दोघं साळवे मॅडमकडं गेलो. त्यांनी एका कोऱ्या कागदावर एक घर काढलं आणि एक ट्रक काढला.

"एकट्याचा धंदा असतो तेव्हा या दोघांच्या मधे काही नसतं," त्या म्हणाल्या. "कायद्याला तुम्ही आणि तुमचा धंदा वेगळे दिसत नाहीत. ट्रकनं केलं ते तुम्ही केलं. भरपाई ट्रकला झेपली नाही तर माणूस घरापर्यंत येतो."

मग त्यांनी आणखी एक घर आणि आणखी एक ट्रक काढला. "ही भागीदारी. इथं भिंत तर नाहीच, वर शेजाऱ्याचं दार तुमच्या घरात उघडतं. रफिकभाईंच्या ट्रकनं केलं तरी बबनरावांच्या घरापर्यंत येता येतं. आणि उलटही."

"आणि भिंत पाहिजे असली तर?" मी विचारलं.

"तर एलएलपी करा. म्हणजे अशी भागीदारी की जिच्यात फर्म वेगळी आणि तुम्ही वेगळे. नाहीतर कंपनी. एकट्यालासुद्धा कंपनी काढता येते, फक्त तुमच्यानंतर कोण ते नाव द्यावं लागतं. ट्रक कंपनीचा, घर तुमचं, मधे भिंत. पण भिंतीची डागडुजी दर वर्षी करावी लागते. हिशेब द्यायचे, फॉर्म भरायचे, ट्रकचं चाक वर्षभर फिरलं नाही तरी भरायचे. उशीर झाला की दिवसागणिक दंड."

"मॅडम, धंदा करायचा का फारम भरत बसायचं?" रफिक म्हणाला.

"दोन्ही. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. स्टिअरिंगवर तुम्ही स्वतः असाल आणि चूक तुमची असेल, तर कुठलीच भिंत तुम्हाला वाचवत नाही. भिंत मालकाला असते, ड्रायव्हरला नसते. माझं ऐकाल तर एलएलपी करा, नाहीतर दोघं आपापला धंदा वेगळा ठेवा. साधी भागीदारी करू नका."

आम्ही जिना उतरलो आणि खालच्या टपरीवर एक-एक चहा घेतला. तो चहा संपायच्या आत आम्ही साधी भागीदारी करायचं ठरवलं. कारणं सांगतो, म्हणजे दुसरा कुणी हाच चहा पिणार नाही. एलएलपीला दिवस लागणार होते आणि कारखान्याला सोमवारी कागद हवे होते. दर वर्षीच्या फॉर्मची आम्हाला धास्ती वाटली. अपघाताची वाटली नाही. अपघात दुसऱ्याला होतो, फॉर्म मात्र आपल्यालाच भरायचा असतो, असा आमचा हिशेब.

कोर्टाबाहेर करारनामे लिहून देणारा एक माणूस बसायचा. त्यानं त्याच दिवशी करार टाइप करून दिला. दोन्ही ट्रक फर्मच्या नावावर चढवले. कारखान्याचं काम मिळालं. आणि मग रफिकनं आणि मी एकमेकांच्या हातावर हात मारून आमचा खरा करार केला, जो कुठंच लिहिला नाही: गाडी ज्याची त्याची. ज्याच्या गाडीची खेप, त्याची कमाई. ज्याची गाडी, त्याचं डिझेल, त्याचे टायर, त्याचा ड्रायव्हर, त्याचं पासिंग. फर्म म्हणजे कारखान्याच्या गेटवर दाखवायची पाटी.

ही आमच्या लाइनमधली सगळ्यात जुनी रीत आहे. चार-चार गाडीवाले एका नावाखाली चालतात आणि प्रत्येकाला वाटतं, नाव कागदावर आहे, गाडी आपली आहे. कायदा वाचतो तो फक्त कागद. हातावर मारलेला हात त्याला ऐकू येत नाही.

एकदा रफिक माझ्या केबिनमध्ये बसला होता. माझी यादी बघून म्हणाला, "यार बबन, तू एवढं लिहितो, माझ्या गाडीच्या चार तारखा पण टाक ना यात. आपल्याला नाय राहत ध्यानात."

मी म्हणालो, "तुझी गाडी तुझी. उद्या म्हणशील माझ्या घरचा किराणा पण लिव्ह."

तो हसला. मीही हसलो. फर्मच्या नावावर दोन ट्रक होते आणि माझ्या यादीत एक.

गोल थांबला. मॅडमनी चष्मा वर केला आणि पडद्यावरचं वाचलं. पासिंग ५ मार्चला संपलं होतं. अपघात १३ मार्चचा. आठ दिवस.

मग कुसुम म्हणाली, "पण गाडी रफिकभाऊंची हाय ना?"

"गाडी फर्मची आहे," मॅडम म्हणाल्या.

"व्हय, पण खरी?"

"खरी फर्मचीच आहे, वहिनी."

मॅडमनी आम्हाला सगळं सावकाश समजावलं. जखमी माणूस भरपाईचा दावा लावणार, त्याचा तो हक्क आहे. विमा कंपनी म्हणणार, गाडीला पासिंग नव्हतं. न्यायाधिकरण बहुतेक कंपनीला म्हणेल, आधी तुम्ही त्या माणसाला द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. मालक म्हणजे फर्म. फर्म म्हणजे आम्ही दोघं, आणि दोघांपैकी कुणाकडूनही सगळंच्या सगळं. ज्याच्याकडं सापडेल त्याच्याकडून. रफिक भाड्याच्या घरात राहतो. पडेगावला तीन खोल्यांचं घर आहे ते माझं.

"नक्की असंच होईल?" मी विचारलं.

"नक्की काहीच नाही. पासिंगच्या बाबतीत काही निकाल मालकाच्या बाजूनं गेलेत, काही विरुद्ध. आपण लढू. पण आज मी तुम्हाला काळजी करू नका असं म्हणणार नाही."

करार वाचता वाचता त्या मधेच थांबल्या. हा करार त्या पहिल्यांदाच बघत होत्या, कारण त्यांचा सल्ला मोडल्यावर त्यांना तोंड दाखवायची मला लाज वाटली होती.

"बबनराव, तुमची भट्टी कुठं आहे?"

"कसली भट्टी?"

"कलम अकरा. भट्टी चालू किंवा बंद ठेवण्याचा निर्णय दोन्ही भागीदारांच्या संमतीनं घेण्यात येईल."

लिहून देणाऱ्यानं कुठल्यातरी बेकरीचा करार घेऊन त्यात ट्रक घातले होते आणि भट्टी काढायची विसरला होता. तीन वर्षं आमच्या कपाटात तो पडून होता. सुभेदारांच्या पाट्या-वरवंट्यासमोर सह्या करणारा मी, पाच पानं न वाचता सही करून मोकळा झालो होतो. रफिकला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात त्याचे डोळे भरले.

मग मॅडमनी वही पुढं ओढली आणि विचारलं, "पासिंगची तारीख का चुकली? मला नीट कारण लागेल. आरटीओची तारीख घेतली होती का?"

"चार तारखेची घेतली होती," रफिक म्हणाला.

"मग?"

आता इथं मला ते लिहायचं आहे जे मी त्या दिवशी बोललो नाही.

दोन मार्चला कारखान्याचा फोन मला आला होता. सोमवारी, चार तारखेला, तातडीचा माल पुण्याला जायचा होता. माझी गाडी क्लचच्या कामासाठी वर्कशॉपमध्ये उघडी पडली होती. मी रफिकला फोन केला.

"तुझी गाडी पाठव."

"अरे, सोमवारी पासिंगला न्यायचीय. तारीख आहे."

"पुढची तारीख घे. कारखान्याचा माल अडकला तर पुढच्या वर्षी काम जाईल. आठ दिवसांनी काय बिघडतं?"

"बघ बा. तू म्हणतो तर पाठवतो."

आठ दिवस हा शब्द माझा. अगदी तेवढेच निघाले.

रफिकनं मॅडमकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही. "माझी गलती, मॅडम. राहून गेलं."

मॅडमनी लिहून घेतलं. मी टेबलाच्या कडेवरचा एक ओरखडा बघत बसलो. बोलायला तोंड उघडलं असतं तर कुसुमनं ऐकलं असतं. घर जाणार असेल तर ते रफिकच्या निष्काळजीपणानं जाणार, हे तिनं नुकतंच मनात धरलं होतं, आणि ते तसंच राहिलं तर मला संध्याकाळी घरी जाता येणार होतं.

पुढचे काही आठवडे कसे गेले ते सांगणं अवघड आहे. त्या माणसाचं नाव विष्णू. विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला होता आणि पोटातही मार होता. पहिले पाच दिवस डॉक्टर काहीच सांगत नव्हते. मी सकाळी देवापुढं उभा राहायचो आणि म्हणायचो, त्याला वाचव. आणि लगेच मनात यायचं, मी हे त्याच्या जिवासाठी म्हणतोय की माझ्या तीन खोल्यांसाठी? मेला तर दावा मोठा होतो, जगला आणि पांगळा झाला तर तोही मोठा होतो, हे मी मॅडमना विचारून घेतलं होतं. असा प्रश्न विचारणारा माणूस देवापुढं कुठल्या तोंडानं उभा राहतो? तरी राहायचो. भीतीला लाज नसते.

गाडी चालवतानाही हात बदलले होते. कुणी मोटारसायकलवाला शेजारून गेला की पाय आपोआप ब्रेकवर जायचा. मागचे शिव्या घालायचे. गंगापूरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमधून मी वीस वर्षं डोळे मिटून गाडी काढली असेल. आता तिथं घाम फुटायचा.

रफिक कमरेला पट्टा बांधून रोज दवाखान्यात जायचा. त्याच्या घरून डबा जायचा. विष्णूची बायको आधी त्याच्यावर ओरडली, मग तिनं डबा घ्यायला सुरुवात केली. मी एकदाच गेलो. सहाव्या दिवशी. विष्णू शुद्धीवर होता. त्यानं आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"तुमच्यातला मालक कोण?"

"मी," रफिक म्हणाला.

"दोघं," मी म्हणालो.

का म्हणालो, माहीत नाही. कागदावर ते खरं होतं. पण शब्द तोंडातून गेला आणि लगेच मनात आलं. हा माणूस उद्या वकिलाला हेच सांगणार. विष्णू छताकडं बघत म्हणाला, "दोघं हायेत तर एकानं तरी ब्रेक बघायचा ना, भाऊ."

ब्रेक चांगले होते. पंचनाम्यात तसं आहे. पण पासिंग नसलेल्या गाडीच्या मालकानं हे कुणाला सांगायचं आणि कोण ऐकणार?

घरी कुसुम वेगळ्याच वाटेनं विचार करत होती. एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, घर माझ्या नावावर करून टाका. मी काय भागीदार नाय."

मला ते इतकं सोपं आणि इतकं बरोबर वाटलं की मी त्याच दिवशी मॅडमकडं गेलो. मॅडमनी मान हलवली. "अपघातानंतर घर बायकोच्या नावावर केलं तर न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतील, का केलं? वसुली टाळायला केलेली बदली ते मोडून टाकू शकतात. आणि तुमच्या प्रामाणिकपणावर डाग लागेल तो वेगळाच."

"मग आता एलएलपी करू? भिंत बांधू?"

"बांधा. पुढच्यासाठी जरूर बांधा. पण घरात शिरलेलं पाणी नंतर बांधलेल्या भिंतीनं बाहेर जात नाही."

भागीदारी आम्ही मोडली. मोडल्यानं मागचं काही सुटत नाही, तेही मॅडमनी आधीच सांगितलं होतं. फर्म असताना जे घडलं त्याचे आम्ही दोघं जन्माचे वाटेकरी. कारखान्याचं काम गेलं. ज्या कामासाठी मी आठ दिवस काय बिघडतं म्हणालो होतो, तेच गेलं. माझी गाडी आता माझ्या एकट्याच्या कंपनीच्या नावावर आहे. दर वर्षीचे फॉर्म मी वेळेआधी भरतो. ते भरायला किती वेळ लागतो हे कुणी विचारलं तर सांगेन: एक दुपार. त्या एका दुपारला घाबरून आम्ही काय ओढवून घेतलं ते वर लिहिलं आहे.

नवीन पोरं गाडी घेतात आणि विचारतात, काका, काय करू, एकट्याच्या नावावर ठेवू की कंपनी काढू? मी वकील नाही. एवढंच सांगतो. एकच गाडी असेल आणि तूच चालवणार असशील, तर आधी विमा, पासिंग आणि लायसन्स बघ, तुझी खरी भिंत तीच. दुसरा ड्रायव्हर ठेवलास, दुसरी गाडी घेतलीस, की त्या दिवशी वकिलाकडं जा. आणि कुणाबरोबर एका नावाखाली चालणार असशील, तर त्याच्या गाडीच्या तारखा स्वतःच्या गाडीच्या आधी लिही. पोरं हो म्हणतात आणि खालच्या टपरीवर चहा प्यायला जातात.

विष्णू आता काठी घेऊन चालतो. उकिडवं बसता येत नाही, म्हणून वाइंडिंगचं काम टेबलावर करतो. दावा चालू आहे. विमा कंपनीनं पासिंगचा मुद्दा घेतलेला आहे. तारखा पडतात. प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी मी घराकडं परक्याचं घर बघावं तसा बघतो. कुठं ओल आली आहे, कुठला दरवाजा घासतो. दुरुस्त करायला हात धजत नाही.

गेल्या महिन्यात रफिक घरी आला. कुसुमनं त्याला चहा दिला, पण स्वतः दारातच उभी राहिली. त्यानं खिशातून घडी केलेला स्टॅम्पपेपर काढला.

"हे बघ. मी लिहून आणलंय. वसुली आली तर सगळी माझ्यावर. तुझ्याकडून घेतली तर मी तुला भरून देणार. गाडी इकीन, गावाकडचा आईचा प्लॉट इकीन. माझी सही झाली. तू कर."

"कुणी सांगितलं तुला हे करायला?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? गाडी माझी होती ना. गाडी ज्याची त्याची." त्यानं बशीतला चहा संपवला. "भाभी, असं तोंड करू नका. चहात साखर कमी पडते."

तो गेल्यावर मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, विष्णूला आणि विमा कंपनीला हा कागद बंधनकारक नाही, ते तुमच्याकडं येऊ शकतातच. पण तुमच्या दोघांत तो चालेल. तुम्ही त्याच्या आधारे रफिकभाईंकडून वसूल करू शकाल.

"मग करा की सही," कुसुम म्हणाली. "त्यो माणूस सोताहून देतोय. त्येची चूक, त्यो भरतोय. आपुन मागितलं का?"

"नाही."

"मग?"

मी म्हणालो, उद्या करतो. त्याला पस्तीस दिवस झाले.

रोज सकाळी तो कागद कपाटातून काढतो. रफिकची सही उर्दूत आहे, खाली मराठीत नाव. शेजारी माझ्या नावाची रिकामी ओळ. सही केली तर घर वाचण्याची सोय होते आणि त्या माणसाच्या आईचा प्लॉट जाण्याची. फाडला तर कुसुम विचारणार, का फाडला. दोन मार्चच्या फोनबद्दल रफिक आजपर्यंत कुणाजवळ बोललेला नाही, माझ्याजवळसुद्धा नाही. एकदा तरी शिवी देऊन बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

या लेखात कुसुम सोडून सगळ्यांची नावं मी बदलली आहेत. तिला विचारलं, तुझं बदलू का, तर म्हणाली, "माझं काय बदलायचंय? मी काय केलंय? छापून आल्यावर वाचीन निवांत." लेख आज पाठवतोय. अंक दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस घरी येतो आणि पोस्टमनच्या हातातून तीच घेते. त्याच्या आत तिला समोर बसवून दोन मार्चचा फोन सांगायचा आहे. अजून सांगितलेला नाही.